वाफा, खडे आणि आत्तींचं तूप

आमच्याकडे बाईला काहीही झालं की आधी तिचं वय विचारतात. पन्नाशीच्या आसपासचं निघालं की पुढचं कुणी ऐकून घेत नाही. "वयच हाय ते," म्हणतात आणि चहा घेतात. म्हणून हे लिहायला बसले आहे. माझ्यासारखी एखादी चपात्या लाटता लाटता पोट धरून उभी राहत असेल, तर तिनं हे वाचावं आणि दवाखान्यात जावं. तसं माझ्या आजारात जगावेगळं काही नाही. पित्ताशयात खडे झाले, ऑपरेशन झालं, बरी झाले. पण ते खडे सापडेपर्यंत घरात जे चाललं होतं, ते सांगण्यासारखं आहे.

सांगलीत विश्रामबागेत माझी मुलींची खानावळ आहे. आसपासच्या कॉलेजांत शिकणाऱ्या पोरी दोन्ही वेळेला जेवायला येतात. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतात. आमची मुलगी नोकरीला पुण्यात. म्हणजे घरात आम्ही दोघं आणि जेवणाच्या वेळी पंगतभर पोरी.

वाफा

पाळी मागेपुढे व्हायला लागली आणि त्यापाठोपाठ वाफा सुरू झाल्या. छातीत काहीतरी पेटायचं, मान, कान, कपाळ लालबुंद व्हायचं, पाठीवरून घामाची धार लागायची आणि थोड्या वेळात सगळं जिथल्या तिथं. गॅसजवळ उभ्या असलेल्या बाईला हे झालं की चपाती आधी फुगणार की आपण, हेच कळत नाही. पोरी हसायच्या. मीही हसायचे. रडून काय वाफ थांबणार होती?

आमचे हवालदार बोलायला कमी. पण मी पदरानं मान पुसली रे पुसली की उठून पंखा पाचवर करायचे आणि परत जागेवर बसायचे. जेवताना, टीव्ही बघताना, पाहुणे बसलेले असताना, कधीही. एकदा पाहुण्यांच्या ताटातला पापड उडाला. मला हवालदारांचं फार बरं वाटायचं, खरं सांगते. नवऱ्यानं न विचारता पंखा लावावा, यापरतं सुख आमच्या पिढीतल्या बायकांना फारसं माहीत नाही.

आत्ती

सासूबाईंना मी आत्ती म्हणते. आत्ती धाकट्या दिरांकडे, कवठे महांकाळजवळच्या आमच्या गावी राहतात. त्यांच्या तरुणपणी हे घर मेंढरांमागे फिरणारं होतं, नंतर शेतीला लागलं. शेती म्हणजे काय, आभाळाकडे बघायचं. माझं माहेर कराडकडचं, नदीकाठचं. लग्न होऊन आले तेव्हा घागरभर पाण्यात आंघोळ कशी करायची, ते मला आत्तींनी शिकवलं.

माझी आई लवकर गेली, त्यामुळे बाळंतपण सासरीच झालं. नेमका तेव्हा दुष्काळ. दावणीची दोन्ही जनावरं चाऱ्यावाचून विकावी लागली होती. बाळंतिणीला तूप हवं, खोबरं हवं, डिंक हवा. आत्तींनी भाकरीवर शेंगतेल घातलं आणि ताट माझ्यापुढं ठेवून तोंड फिरवलं. "पोरी, तुझ्या वाट्याचं तूप माझ्याकडं ऱ्हायलं," एवढंच त्या म्हणाल्या. मी ते कधीच विसरून गेले होते. त्या विसरल्या नव्हत्या.

आता कालव्याचं पाणी आलंय. शिवारात द्राक्षं आहेत, दावणीला दोन म्हशी आहेत. मला वाफा येतात हे कळल्यावर आत्ती एसटीनं सांगलीला आल्या. मांडीवर तुपाची बरणी होती. घरच्या म्हशीचं, कणीदार, दारातून आत आलं की वास यावा असं.

"शोभे, तुझ्या अंगात उष्णता लय झालीया. तूप थंड आसतंय. सकाळी अनशापोटी दोन चमचं, वर कोमट दूध. कळलं का?"

"आत्ती, एवढं कशाला..."

"गप. तवाचं ऱ्हायलंय."

तूप थंड असतं हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मी रोज सकाळी तूप घ्यायला लागले. बरणी संपायच्या आत दुसरी यायची. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "घेतलंस का?" घेतलं म्हटलं की पलीकडे त्या बसल्या जागी खूश व्हायच्या, ते मला सांगलीत दिसायचं.

चपातीच्या वेळेचं दुखणं

काही आठवड्यांनी उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. सकाळच्या चपात्या लाटायच्या वेळी सुरू व्हायचं, पिळवटून निघायचं, पाठीत उजव्या खांद्यामागे जाऊन बसायचं. मळमळायचं. घाम फुटायचा. आणि घाम फुटला की हवालदार पंखा लावायचे. मी म्हणायचे वाफ आहे, ते म्हणायचे वाफ आहे, शेजारीण म्हणायची वाफच. मुलीनं पुण्याहून मोबाईलवर या वयातल्या त्रासांचे व्हिडिओ पाठवले. त्यात एवढं काय काय होतं की माझं पोट त्यात सहज बसून गेलं.

मनात मात्र एक शंका होती. दोन दिवस सुट्टीला मुलीकडे पुण्याला गेले, बरणी घरी राहिली, आणि पोट अजिबात दुखलं नाही. परत आले, तूप घेतलं, दुखलं. एकदा तूप चुकवून बघितलं. नाही दुखलं. मी काही खुळी नाही. खानावळ चालवते, कशानं कुणाचं पोट बिघडतं हे मला पोरींच्या तोंडावरून कळतं. पण तेवढ्यात फोन यायचा, "घेतलंस का?" खोटं मला बोलता येत नाही आणि आत्तींना नको म्हणणं तर त्याहून येत नाही. आमच्या घरात सून सासूला नको म्हणत नाही. तसा काही हुकूम नव्हता, आत्तींनी मला कधी जाच केला नाही. पण जी बाई जाच करत नाही तिला नको म्हणणं फारच अवघड असतं. मी फोनवर विचारलं, "आत्ती, एक चमचा केला तर चालेल का?"

"का? माझ्या तुपाला वास येतुया व्हय?"

"नाही नाही, छान आहे."

झालं. दोन चमचे सुरू राहिले.

वाकळ

उन्हाळ्यातली दुपार होती. बाहेर सांगलीचं ऊन, म्हणजे तुम्हाला सांगायला नको. सकाळपासून पोट दुखत होतं आणि या वेळी थांबत नव्हतं. मी अंग चोरून कॉटवर बसले होते. हवालदार कामावरून आले, माझ्या कपाळावरचा घाम बघितला आणि सवयीनं पंख्याच्या बटणाकडे गेले.

"पंखा नको. वाकळ द्या," मी म्हणाले.

ते बटणावर हात ठेवून तसेच उभे राहिले. मग वळून माझ्याकडे बघत राहिले.

"काय देऊ?"

"वाकळ. थंडी वाजतीया."

गेल्या वर्षभरात मी साधी चादर अंगावर घेतली नव्हती. त्यांनी वाकळ काढली नाही. माझं कपाळ चाचपलं, ते भाजत होतं, तसे खाली उतरले आणि रिक्षा घेऊनच आले. जिन्यातून उतरताना माझे दात वाजत होते. सैन्यात त्यांनी बरंच काही बघितलंय, पण त्या दिवशी त्यांना रिक्षावाल्याला पत्ता सांगता येईना. शेवटी मीच सांगितला.

दवाखाना

डॉक्टरबाईंनी उजव्या बरगडीखाली दोन बोटं दाबली आणि श्वास घ्यायला सांगितला. श्वास अर्ध्यातच अडकला. पोटावर थंडगार जेली लावून सोनोग्राफी झाली. पडद्यावर मला ढगाळ आभाळ दिसत होतं. त्यांना पित्ताशय दिसत होतं.

"खडे आहेत. बारीक बारीक, बरेच. आणि पित्ताशयाला सूज आलीय, जंतुसंसर्ग झालाय. ताप त्याचाच आहे. ॲडमिट व्हायचं."

माझ्या मनात जे आलं ते मी तोंडावर विचारलं, "गाठ वगैरे नाही ना?" कारण पोटात काहीही सापडलं की बाईला आधी तेच सुचतं. त्या म्हणाल्या, "तसं काही दिसत नाही. काढल्यावर तपासायला पाठवूच." हे ऐकून मला हलकं वाटलं. हवालदारांना मात्र "दिसत नाही" आणि "पाठवूच" यांच्यामधली जागा सापडली होती, आणि ऑपरेशन होईपर्यंत ते त्या जागेत येरझारा घालत होते.

मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "तेलकट-तुपकट खाल्ल्यावर दुखतं का?" मी हवालदारांकडे बघितलं. मग सगळं सांगितलं. वाफा, तूप, पुणे, सगळं. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा सलग सांगितलं आणि समोरच्या बाईनं सलग ऐकलं, याचंच मला रडू आलं.

"मॅडम, वाफांमुळे खडे झाले का? का खड्यांमुळे वाफा यायच्या?"

त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "या वयात अंगातली हार्मोन्स बदलतात, त्यानं वाफा येतात. त्याच हार्मोन्सचा पित्तावरही परिणाम होतो, म्हणून बायकांत खडे जास्त दिसतात. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल का, यावर अभ्यास चालू आहेत. पण एकामुळे दुसरं झालं, असं मी सांगणार नाही, कारण तसं ठाम कुणालाच माहीत नाही. एक मात्र ठाम सांगते. वाफेनं पोटात दुखत नाही. घाम येईल, नंतर थोडी हुडहुडीही भरेल, पण थर्मामीटरवर ताप चढणार नाही. ज्या बाईला वाफा येतात तिला दुसरं काही होत नाही, असा काही नियम नाही."

"आणि तूप?"

"तुपानं हे खडे केलेले नाहीत. ते आधीपासून असणार. पण खडे असताना तूप पोटात गेलं की पित्ताशय आवळतं आणि दुखणं उठतं. तुमच्या तुपानं खरं तर चुगली केली म्हणायची."

वाफांसाठी पुढे कधी हार्मोनच्या गोळ्या घ्यायची वेळ आली तर आधी पित्ताशयाचं सांगायचं, असंही त्यांनी बजावलं. हे मी मुद्दाम इथं लिहून ठेवते.

फोन

सैन्यात फार वर्षं राहिलेला माणूस निरोप देतो तो हुकमासारखा. सलाईन लागल्यावर हवालदारांनी माझ्यासमोरच गावी फोन लावला.

"आई, तुझं तूप बंद. त्यानंच हिचं पोट दुखतंय. ऑपरेशन हाय."

मी हातानं खुणा करत होते, नळीचा हात होता तरी. पलीकडून फोन बंद झाला.

"आवं, असं सांगत्यात व्हय?" मी म्हणाले.

"मग कसं सांगायचं? जे हाय ते हाय."

त्यानंतर आत्ती फोनवर आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी लावला, जाऊबाई म्हणाल्या, "आत्ती म्हशीकडं गेल्यात." संध्याकाळी लावला, म्हशीकडं. सकाळी लावला, म्हशीकडं. दोन म्हशींना एवढा वेळ लागत नाही, हे मलाही कळत होतं. जाऊबाईंनी शेवटी आवाज खाली करून सांगितलं, "जेवत न्हाईत धड. म्हणत्यात, माझ्या हातानं तिला दुखवलं."

ऑपरेशनची भीती मला होती. भूल दिल्यावर उठणार का, ही भीती सगळ्यांना असते. पण तिथं पडल्या पडल्या मला जास्त भीती वाटत होती ती आत्तींची. सत्तरी ओलांडलेली बाई, वर्षानुवर्षं मनात धरलेली एक गोष्ट तिनं पूर्ण केली, आणि तिला आम्ही काय सांगितलं? मला काही झालं असतं तर ती त्या बरणीकडे बघत उरलेलं आयुष्य काढणार होती. म्हणून मला बरं व्हायचं होतं. स्वतःसाठी होतंच, पण त्याहून जास्त त्यासाठी.

टाके

संसर्ग आटोक्यात आल्यावर दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. आत नेण्याआधी मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या काढून ठेवायला सांगितलं. हवालदारांनी ते सगळं शर्टाच्या खिशात घातलं आणि वरून हात धरून बसले. मी बाहेर आले तेव्हाही हात तिथंच होता.

शुद्धीवर आले आणि घसा कोरडा, पोटात ओढ, त्यात वाफ आली. हो, तिथंसुद्धा! हलता येईना, सांगता येईना. पन्नाशीच्या एक सिस्टर नाडी बघत होत्या. माझी लाल झालेली मान बघून त्यांनी हातातल्या फाईलनं मला वारा घालायला सुरुवात केली.

"मलाबी हायत की," त्या हळूच म्हणाल्या. मग थोडा वारा मला, थोडा वारा स्वतःला, असं दोघींचं चाललं. त्या दवाखान्यात मला मिळालेलं सगळ्यात चांगलं औषध तेच.

दवाखान्याचे दिवस एकसारखे असतात. पहाटे तापमान, मग झाडू, मग पाण्यासारखा चहा, मग डॉक्टरांचा राउंड, ज्याची वाट बघावी आणि जो आला की विचारायचं सगळं विसरावं. खानावळ पोरींनी स्वतः चालवली. चपात्यांचे फोटो मला पाठवले, त्यात एकही गोल नव्हती. हसले तर टाके दुखले.

तपासणीचा अहवाल चांगला आला. हवालदारांनी तो डॉक्टरबाईंकडून दोनदा वाचून घेतला आणि मग खाली जाऊन एकटेच रस्त्यावर उभे राहिले. वर आले तेव्हा डोळे लाल होते. धूळ फार आहे म्हणाले.

आत्ती आल्या

घरी येऊन काही दिवस झाले होते. दुपारी दारात पायताणं काढल्याचा आवाज आला. आत्ती होत्या. हातात फक्त एक पिशवी. त्या माझ्या कॉटपाशी आल्या नाहीत, उंबऱ्याजवळच भिंतीला टेकून बसल्या.

"बरी हाईस का?"

"बरी आहे. इकडे या ना आत्ती."

आल्या नाहीत. पिशवीतून ज्वारीच्या कण्या काढल्या, स्वयंपाकघरात गेल्या, शिजवल्या, ताक घातलं आणि वाटी माझ्यापुढं ठेवली. त्यात तेलाचा टिपूस नव्हता. मी खायला लागले. त्या समोर बसल्या.

"आत्ती, खडे आधीपासूनच होते. डॉक्टर म्हणाल्या, तुपानं झाले नाहीत. उलट तुपामुळेच सापडले."

"ते जाऊ दे. एक इचारू?"

"विचारा की."

"तूप खाल्लं की दुखतंय, हे तुला कळत हुतं?"

खोटं मला बोलता येत नाही. "थोडं थोडं कळत होतं," मी म्हणाले.

"आन तरीबी खाल्लंस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

मला वाटलं आत्ती रडतील. पण त्या चिडल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना माझ्यावर चिडलेलं पहिल्यांदा बघत होते.

"मला वाईट वाटंल म्हून तू मराय निघाली हुतीस? आन तू गेली आसतीस, तर मला लय बरं वाटलं आसतं व्हय गं? आं? मी तुला तूप दिलं ते तू चांगली ऱ्हावीस म्हून दिलं. माझा मान राखायला दिलं न्हवतं." त्यांचा आवाज फाटला. "येवढी परकी हाय मी? तोंड उघडून येक शबूद बोलाय येत न्हाई तुला?"

मी वाटीत बघत राहिले आणि डोळ्यांतलं पाणी ताकात पडलं. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं, जरा जोरातच. मग पातेलं उचलून आणलं.

"आनखी घे."

माझं पोट भरलं होतं. पण हात आपोआप पुढं गेला, वाटी पुढं झाली. आत्तींनी पळी वरच धरली. घातलं नाही.

"पोट भरलंय का न्हाई?"

"भरलंय."

"मग म्हण की."

"काय?"

"नको म्हण. माझ्या तोंडाकडं बघून म्हण."

मी त्यांच्याकडे बघितलं. सुरकुतलेला चेहरा, कपाळावर जुनं गोंदण, हातात गरम पळी. मी वाटी मागे घेतली. मग पुटपुटले, "नको, आत्ती."

"ऐकू न्हाई आलं."

"नको!"

टाके दुखले. बाहेरच्या खोलीतून हवालदार धावत आले, "काय झालं? काय झालं?"

आत्तींनी पळी पातेल्यात ठेवली आणि डोळे पुसत म्हणाल्या, "काय न्हाई रं. तुझी बायकू बोलाय शिकतीया."